आडी सरेपर्यंत लॅपटॉप उघडायचा नाही

आडी महिन्याच्या अठ्ठाविसाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, तंजावरला आमच्या घरी आईच्या घशात इडलीचा घास अडकला. साडेसातला तिला रुग्णालयात नेलं. दुपारी डॉक्टरांनी तिच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवली. त्यानंतर तिला बोलता आलेलं नाही. तिचा आवाज साठवून ठेवण्यासाठी विकत घेतलेला लॅपटॉप त्या वेळी देवघरात लाकडी स्टुलावर, कारखान्याच्या चिकटपट्टीसकट, बंद खोक्यात होता. आडी संपायला तीन दिवस उरले होते.

आडी हा तमिळ वर्षाचा चौथा महिना. जुलैच्या मध्याला लागतो, ऑगस्टच्या मध्याला सरतो. या महिन्यात लग्न होत नाही, नव्या घरात कोणी राहायला जात नाही, नवं काही सुरू करत नाहीत. गिऱ्हाईक येत नाही म्हणून दुकानदार या महिन्यात सवलत देतात, आणि सवलत आहे म्हणून गिऱ्हाईक येतं. आमच्या घरात तमिळ पंचांग आहे आणि मराठी पंचांगही आहे. सणवार आणि श्राद्धं मराठी तिथीने होतात. शुभ काय, अशुभ काय, हे दोन्ही पंचांगांना विचारलं जातं. दोघांपैकी एकाने नको म्हटलं तरी ते नको.

आईचं वय चौऱ्याहत्तर. तिने एकतीस वर्षं पापनाशमच्या प्राथमिक शाळेत शिकवलं. रोज सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा आणि घरी आल्यावरही तेवढाच राहायचा. आमच्या घरातलं मराठी साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्यांचं आहे. पुण्यात अकरा वर्षं वृत्तसंस्थेच्या डेस्कवर काढली तेव्हा माझ्या बोलण्यातले जुने शब्द सहकाऱ्यांनी एकेक करून काढून टाकले. आईचे तसेच राहिले. ती 'झालं' म्हणत नाही, 'जाहलें' म्हणते. 'सगळे' म्हणत नाही, 'अस्के' म्हणते. वडील गेल्यापासून घरात हे मराठी बोलणारी ती एकटी. मी सुट्टीला येतो तेव्हा दोघं. माझी मुलगी चेन्नईत वाढली. तिला आजीचं सगळं कळतं आणि ती उत्तर तमिळमध्ये देते.

पहिलं लक्षण भाजीवालीच्या लक्षात आलं. वैशाखात एका सकाळी तिने दारात आईला विचारलं, "अम्मा, तोंडात पान ठेवून बोलताय का?" आईने तिला तोंड उघडून दाखवलं. तोंडात काही नव्हतं.

पुढच्या सहा आठवड्यांत तंजावरला दोन आणि तिरुच्चीला एक असे तीन डॉक्टर झाले. तिसऱ्याने निदान सांगितलं. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसांचा आजार. आधी जीभ आणि घसा, मग हात, मग बाकीचं. औषध आजार थांबवत नाही. त्याने आम्हाला खालच्या मजल्यावर वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे पाठवलं. तो सोमवार होता, आणि इथून पुढचं सगळं माझ्या वहीत तारखेनिशी आहे.

त्या बाई तिशीच्या होत्या. त्यांनी आईशी बोलायला सुरुवात केली, माझ्याशी नाही. त्यांनी तमिळमध्ये सांगितलं की बोलणं जाईल, किती महिन्यांत ते सांगता येत नाही. लॅपटॉपवर चालणारा एक प्रोग्राम आहे. त्यात माणूस आपल्या आवाजात वाक्यं भरून ठेवतो. नंतर पडद्यावर बोट ठेवलं की ते वाक्य त्याच्याच आवाजात वाजतं. बोटं चालेनाशी झाली की एक छोटा कॅमेरा जोडतात. डोळे ज्या वाक्यावर थांबतील ते वाजतं. भरून ठेवलं नसेल तर यंत्राचा तयार आवाज असतो.

"तमिळ आवाज आहे," त्या म्हणाल्या. "मराठीही आहे. पण तो तिकडचा."

"तिकडचा म्हणजे?" आईने विचारलं.

त्यांनी आपल्या यंत्रावर एक मराठी वाक्य वाजवलं. आईने ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ही बातम्या सांगते की काय रे?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "अम्मा, तुम्ही घरी जे बोलता ते कुठल्याच यंत्रात नाही. ते फक्त तुमच्या तोंडात आहे."

त्या दिवशीच्या माझ्या वहीत पाच ओळी आहेत. पहिल्या चार लॅपटॉपबद्दल: पंख्याचा आवाज नको, पडदा बोटाने चालणारा, कॅमेऱ्यासाठी साधं यूएसबी, बॅटरी वीज गेली तरी चार तास. पाचवी ओळ अशी आहे: 'लॅपटॉप येईपर्यंत फोनवर भरा. आजपासून. आवाज स्वच्छ नसला तरी चालेल, नंतर आत घेता येतो.' ओळ माझ्याच अक्षरात आहे. तिच्याखाली रेघ नाही.

परतीच्या बसमध्ये मी फोन काढला. आई म्हणाली, "बशींत काय बोलूं? शेजारचा पण ऐकेल. घरीं जाऊं." घरी पंखा चालू होता, पंखा बंद केला तर घाम येत होता, समोर बांधकाम होतं. मी तिला म्हटलं, एकदाच नीट करू, चांगल्या यंत्रावर, एकसारखा आवाज येईल. ती म्हणाली, "तेंच बरें." ते माझं मत होतं आणि तिने ते मान्य केलं. क्रम हा असा आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी लॅपटॉप बघायला लागलो. डेस्कवरच्या सवयीने एक तक्ता केला. आडवे अकरा रकाने, उभी चौदा नावं. आठवड्याभरात चौदाची चार झाली. प्रत्येक कंपनी एकाच नावाखाली चार-पाच प्रकार काढते आणि प्रत्येक प्रकारावर जे लिहिलेलं असतं त्यातलं निम्मं आपल्या कामाचं नसतं, हे कळायला तेवढा वेळ लागला. प्रोसेसर कितवा, चित्र किती झरझर हलतं, याचा आईला उपयोग नव्हता. पंखा किती ओरडतो हे मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. ते दुकानात जाऊन ऐकावं लागलं.

दक्षिण वीथीवरच्या दुकानात आई माझ्याबरोबर दोनदा आली. पहिल्यांदा विक्रेत्याने आम्हाला खेळांसाठीचा प्रकार दाखवला. त्याच्या कळा लाल-निळ्या-हिरव्या पेटत होत्या.

"हें काय, दिवाळी आधीं आली?" आई म्हणाली.

मी लॅपटॉप उचलून त्याच्या पोटाला कान लावला. आत पंखा घोंघावत होता. विक्रेता बघत राहिला. मी पुढचा उचलला, त्यालाही कान लावला.

"सार डॉक्टर आहेत का?" त्याने आईला विचारलं.

"पेपरवाला," आई तमिळमध्ये म्हणाली. "भिंतीला कान लावायची सवय आहे."

दुसरा प्रकार विद्यार्थ्यांचा. स्वस्त होता, पण माइक जवळच्या माणसापेक्षा लांबचा रस्ता जास्त ऐकत होता, आणि बिघडला तर तिरुच्चीला नेऊन द्यायचा होता. तिसरा कागदासारखा पातळ. आईला तो आवडला, तिने हातावर तोलून पाहिला आणि म्हणाली, "पाटीहून हलका." त्याला साधं यूएसबी नव्हतं. कॅमेरा जोडायला मध्ये एक तुकडा लागला असता, आणि असा तुकडा नको त्या दिवशी हरवतो. चौथा कचेऱ्यांसाठीचा. काळा, जाड, काहीही न चमकणारा. त्याच्या पोटाला कान लावला तर काही ऐकू येत नव्हतं. पडद्यावर खिडकीचं प्रतिबिंब पडत नव्हतं. बोटाने चालत होता. तीन वर्षं तंत्रज्ञ घरी येणार होता. तो घ्यायचा हे मी त्या उभ्या जागी ठरवलं.

आईने आपल्या पेन्शनमधून साठ हजार सांगितले होते. तो अडुसष्टला होता. वरचे आठ मी देतो म्हटलं. ती दुकानातच म्हणाली, "माझ्या आवाजाला माझे पैसे. तुझे तुझ्या पोरीला ठेव."

विक्रेत्याने मधला मार्ग सांगितला. "सार, आडी लागू दे. पंधरा दिवस. नऊ हजार कमी होतील. हाच पीस बाजूला ठेवतो."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला पीस बाजूला ठेवायला सांगितलं. रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "बातमी द्यायला तुला चार मिनिटें पुरतात म्हणतोस. लॅपटॉपला चार आठवडे लागणार." शेवटचे दोन शब्द मला पुन्हा विचारावे लागले. तशी ती पहिली वेळ होती. तेही वहीत आहे.

आडीच्या पहिल्या शुक्रवारी लॅपटॉप घरी आला. बाईंना भेटलो त्या सोमवारपासून पंचवीस दिवस झाले होते. आईने खोक्याला हळदकुंकू लावलं, देवघरात स्टुलावर ठेवलं आणि मी कात्री आणली तेव्हा हात आडवा केला.

"आतां नाहीं. आडी आहे."

"आडीतच तर विकत घेतला."

"घेणें वेगळें, सुरूं करणें वेगळें. आडी सरूं दे. आवाज काय पळून जातो?"

मी तिच्याशी वाद घातला नाही. वाद घालता आला असता. तिरुच्चीच्या बाईंना फोन करून तिच्याशी बोलायला लावता आलं असतं. तिचं बोलणं त्या दिवशी दहापैकी आठ शब्द स्पष्ट येत होतं आणि मला वाटलं, चार आठवड्यांत सहावर येईल. या अंदाजाला कशाचाही आधार नव्हता.

शेजारच्या तमिळ मामी संध्याकाळी खोकं बघायला आल्या. त्यांनी तोडगा सांगितला. आडीची अठरावी तारीख. त्या दिवशी कावेरीची पूजा असते, आणि आडीत असूनही तो दिवस कोणत्याही आरंभाला चांगला. "आमच्याकडे त्या दिवशी सोनं घेतात," मामी म्हणाल्या. "तुमच्या पेटीला काय झालंय?" आईला ते पटलं. तिने तमिळ कॅलेंडरवर अठरावर बोटाने कुंकू लावलं. मग आतून मराठी पंचांग आणलं, चष्मा लावला आणि बराच वेळ पानावरून बोट फिरवलं. देवनागरी तिला अक्षर अक्षर जुळवूनच वाचता येते.

त्या वर्षी आडीचा अठरावा दिवस आषाढ वद्य चतुर्दशीला येत होता. ती माझ्या वडिलांची तिथी.

"श्राद्धाच्या दिवशीं नवें यंत्र?" आई म्हणाली आणि पंचांग मिटलं. तमिळ घरात तो दिवस मोकळा होता, मराठी घरात अडकलेला. आमचं घर दोन्ही होतं.

दरम्यान तयारी करायची ठरली. काय भरायचं ते लिहून काढू, म्हणजे लॅपटॉप उघडला की भराभर होईल. बाईंनी तमिळमध्ये छापलेली यादी दिली होती. मी मराठी करून वाचून दाखवायला लागलो: मला तहान लागली आहे. मला वेदना होत आहेत. कृपया मला कुशीवर वळवा.

"हें कोण बोलतें?" आई म्हणाली. "दुखलें तर मी 'आई गं' म्हणीन. 'वेदना होत आहेत' कोण म्हणतें? फाड तें."

मग तिने स्वतःची वाक्यं सांगायला सुरुवात केली आणि मी ती तमिळ लिपीत एका शाळेच्या वहीत उतरवली, कारण आईला आणि माझ्या मुलीला दोघींना वाचता येईल अशी तीच एक लिपी होती. रोज दुपारी चार ते पाच, कॉफीनंतर. एकूण अकरा दुपारी. वहीत एकशे बत्तीस वाक्यं आहेत.

त्यातली काही अशी. दारांत कोण आहे बघ. काल दिलेलीं वांगीं किडकीं होतीं, तिला सांग. पंखा बंद कर, वीज काय आजोळाहून येते? अस्के जेवले का? उरलें तर मामीकडे दे, फेकूं नको. हे तमिळ डॉक्टर फार गोड बोलतात, बिल मागाहून कळतें.

माझ्या मुलीसाठी तिने वेगळी पानं ठेवली. तूं वाळलीस, हॉस्टेलांत वाढत नाहींत का? फोनांत इतकें काय बघतेस, त्यांतून नवरा बाहेर येणार काय? पुढे तिने न झालेल्या गोष्टींची वाक्यं सांगितली. नोकरीचा पहिला पगार आला की म्हणायचं वाक्य. लग्न ठरलं की म्हणायचं. मुलगा कोणत्या घरचा असला तर काय आणि कोणत्या घरचा नसला तर काय, अशी दोन वेगळी. मूल झालं की म्हणायचं: नाक कोणाचें हें मागाहून बघूं, आधीं तिला निजूं दे.

मी विचारलं, हे सगळं तिच्यासाठीच का?

आई म्हणाली, "तुला माझें अस्कें पाठ आहे. तिला कोण म्हणून दाखवील? ऐकलें तर कधीं तरी तोंडांत येईल." हे वाक्य मी वहीच्या समासात लिहून ठेवलं. ते तिने भरण्यासाठी सांगितलेलं नव्हतं.

अकराव्या दुपारी मी म्हटलं, माझ्यासाठी एखादं सांग. ती म्हणाली, "तुझें शेवटीं." वहीत एका पानावर वर 'मुलगा' असं तिनेच लिहिलं आहे. खाली काही नाही.

या अकराही दुपारी माझा फोन टेबलावर होता. मी त्यावर वेळ बघत होतो. सातव्या दुपारपासून मला बरीच वाक्यं दोनदा विचारावी लागली. नवव्यापासून ती काही शब्द हवेत बोटाने काढून दाखवायची. मला ते दिसत होतं. मी ते वेगळ्या नोंदीत लिहिलंही: 'आज दहापैकी पाच.' फोन उचलून त्यावरचं लाल बटण दाबायला जे लागतं ते सगळं हाताच्या अंतरावर होतं.

आडीच्या अठरा तारखेला शनिवारी मी वडिलांचं श्राद्ध केलं. गल्लीतल्या बायका नव्या साड्या नेसून तिरुवैयारुला नदीवर गेल्या. आईने सकाळी स्वयंपाक केला, पानं वाढली, आणि भटजींनी काही विचारलं तेव्हा उत्तर मला द्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी अमावास्या. सोमवारी श्रावण लागला, म्हणजे मराठी पंचांग मोकळं झालं. मी पुन्हा कात्री आणली.

आईने मान हलवली. आता ती लांब वाक्य टाळायची. "आडी," ती म्हणाली, आणि बोटांवर बारा दिवस मोजून दाखवले.

"आई, बारा दिवस फार आहेत."

"पन्नास थांबलास." मग थांबून, हळू: "बारा काय?"

ती पन्नास म्हणाली. तेव्हा बेचाळीस झाले होते. मी तिला दुरुस्त केलं नाही आणि खोकं उघडलं नाही. पन्नासावा दिवस मंगळवारी आला, आणि त्या दिवशी सकाळी घास अडकला.

रुग्णालयात पहिल्या रात्री बाहेरच्या बाकावर बसून मी फोन तपासला. आईने मला कधी आवाजी निरोप पाठवलेला नव्हता. ती सरळ फोन करायची, आणि फोनवरचं बोलणं नोंदलं जात नाही. फोनमध्ये तिचा आवाज असलेल्या तीन फायली सापडल्या. एका लग्नाच्या चित्रफितीत ती पाहुण्यांना तमिळमध्ये 'या, या' म्हणते. वर नादस्वरम वाजतं आहे. दुसरीत ती कॅमेऱ्याच्या बाहेर आहे आणि दूधवाल्याला तमिळमध्ये पाणी किती घातलंस ते विचारते. तिसरी मी चुकून चालू केलेली. तीत ती माझ्याकडे वळते आणि म्हणते, "अरे." फाइल तिथे संपते. तिची लांबी तीन सेकंद आहे. मुलीच्या फोनमध्ये आजीचे फोटो होते, आवाज नव्हता. मामींच्या फोनमध्ये काही नव्हतं. पापनाशमच्या शाळेतल्या दोन जुन्या शिक्षिकांना विचारलं. त्यांच्याकडेही नव्हतं.

आडी सरली, पुढच्या आवणी महिन्याचा पहिला दिवस शनिवारी आला. आई रुग्णालयात होती. राहूकाळ साडेदहाला संपतो. मी दहा वाजून चाळीस मिनिटांनी देवघरातलं खोकं उघडलं. लॅपटॉप बरोबर होता. पंख्याचा आवाज येत नव्हता, पडदा बोटाने चालत होता, कॅमेऱ्याची जोडणी बसत होती, बॅटरी त्या दिवशी पाच तास टिकली. तक्त्यातल्या अकरा रकान्यांपैकी अकराही खरे निघाले. दुपारी तंत्रज्ञाने येऊन प्रोग्राम टाकून दिला. तिरुच्चीच्या बाईंनी फोनवरून पुढचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "फोनवर किती भरलं होतं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे सार. मग तयार आवाजांतला एक निवडू."

आई त्यापुढच्या आठवड्यात, रविवारी घरी आली. सोमवारी गोकुळाष्टमी होती आणि माझी मुलगी चेन्नईहून आलेली होती. आई खाटेवर उशांना टेकून बसली. लॅपटॉप जेवणाच्या स्टुलावर तिच्यासमोर. ती पडद्यावरच्या तमिळ कळा एका बोटाने दाबत होती. हात अजून चालत होते.

आधी मी यंत्राचा मराठी आवाज लावला. तो म्हणाला, "अस्के जेवले का?" यंत्राने वाक्य बरोबर म्हटलं. आता बोलण्याऐवजी ती जी शाळेची पाटी जवळ ठेवायची ती आईने ओढली आणि खडूने तमिळ लिपीत लिहिलं: ही बाई कोण?

मी तो बंद केला.

मुलगी म्हणाली, "आजी, मी वाचू?" हे ती तमिळमध्ये म्हणाली. आईने वही तिच्याकडे सरकवली. मुलीने माइक जवळ घेतला आणि पहिलं वाक्य वाचलं. दारांत कोण आहे बघ. तिचा सूर तमिळ होता आणि शब्द आईचे. ती अडखळली की आई बोटाने मांडीवर ठेका धरून दाखवायची, ओठ हलवून दाखवायची. मुलगी पुन्हा म्हणायची. तिच्या तोंडून सलग इतकं मराठी मी त्याआधी ऐकलेलं नव्हतं. आजोळाहून येणाऱ्या विजेच्या वाक्याला ती हसली आणि ते तीनदा करावं लागलं. अशी सात वाक्यं भरली. पाऊण तास लागला.

आठवं वाक्य मुलीच्या पानावरचं होतं. तूं वाळलीस. मुलगी ते म्हणाली, आणि आईने हात पुढे करून वही मिटली.

तिने पाटीवर लिहिलं. पाटी भरली तेव्हा पुसून पुढचं लिहिलं. मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं आहे: हा तुझा आवाज. तुझा आवाज माझ्या तोंडांत नको. तुझ्या तोंडांतच राहूं दे.

मुलगी म्हणाली, "चालेल गं आजी, मला चालेल." हे दोन वेळा, आणि मराठीत.

आईने मान हलवली. भरलेली सात वाक्यं तिने माझ्याकडून पुसून घेतली. एकेक पुसताना ती पडद्याकडे बघत होती. मुलगी उठून परसात गेली आणि वीस मिनिटांनी परत आली. मामी गोकुळाष्टमीचे सीडै, तांदळाच्या पिठाचे तळलेले गोळे, घेऊन आल्या होत्या. त्यांनी डबा ठेवला आणि न बसता गेल्या.

साडेबाराला आईने स्वतः आवाजांची यादी उघडली. मराठी बाईचा आवाज तिने बोटाने वर सरकवला. खाली तमिळचे दोन होते, एक पुरुषाचा, एक बाईचा. तिने बाईचा निवडला, 'ठरवा' दाबलं, यंत्राने खात्री आहे का विचारलं, तिने पुन्हा दाबलं.

दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी तिने एकेक अक्षर शोधून पहिलं वाक्य लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. यंत्र तमिळमध्ये म्हणालं, "जेवलास का?"

मी तमिळमध्ये सांगितलं, "अजून नाही."